स्थानिक लघुपट महोत्सव भरवताय? या चुका टाळा

महोत्सवाची वेळ झाली की हॉल गच्च भरतो, आणि शेवटच्या फिल्मला पुढच्या दोन रांगा उरतात. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, कुठेही हौशी मंडळींनी भरवलेल्या लघुपट महोत्सवात हे चित्र दिसतं. आयोजक म्हणतात, लोकांना सिनेमाची आवडच नाही. मला हे पटत नाही. प्रत्येक फिल्मबरोबर तिचे कलाकार, त्यांचे आईवडील, कॉलेजचा ग्रुप येतो, आणि आपलं नाव पडद्यावर येऊन गेलं की सगळे उठतात. त्यांना थांबायला आपण कारणच दिलेलं नसतं.

मूळ चूक असते कार्यक्रम आखताना. शंभर प्रवेशिका आल्या म्हणून तीस फिल्म घ्यायच्या, हा मोह आवरा. बारा मिनिटांच्या वीसच फिल्म घेतल्या तरी नुसतं बघणंच चार तास. मग चर्चेला वेळ उरत नाही, आणि पाहुण्यांच्या सत्काराला मात्र अर्धा तास जातो. त्यापेक्षा दीड तासाचं एक सत्र ठेवा. त्यात पाचच फिल्म, सगळ्या मिळून साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटांच्या, आणि उरलेला वेळ बोलण्यासाठी. दिग्दर्शक पाचही फिल्म बघेल ही अट प्रवेशिकेच्या फॉर्मवरच घाला, आणि सगळ्यांशी गप्पा सत्राच्या शेवटी एकत्रच ठेवा. आपल्या माणसाला माइकवर ऐकायचं असेल तर घरचे बसून राहतात, आणि बसून राहिले की शेजारच्याची फिल्मही बघतात.

चर्चा म्हणजे ‘ही कल्पना कशी सुचली?’ एवढाच प्रश्न नव्हे. प्रभात चित्र मंडळाने १९६८पासून मुंबईत फिल्म सोसायटीची चळवळ चालवली. सिनेमा संपल्यावर त्यावर बोलत बसायचं, ही या चळवळीची सवय आपल्याकडे तयारच आहे. सूत्रधार असा निवडा ज्याने सगळ्या फिल्म आधी पाहिल्यात आणि जो प्रेक्षकांकडे माइक नेतो. ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यावरची फिल्म असेल तर तिथल्या एखाद्या आजींना पहिलं बोलू द्या. त्या सांगतील की जाळं असं धरत नाहीत, आणि दिग्दर्शकाला त्या एका वाक्यात परीक्षकांच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त मिळेल.

निवड समितीत फक्त सिनेमावाले घेणं, ही तितकीच महागात पडणारी चूक. मग आगरी बोलीतला लघुपट ‘भाषा प्रमाण नाही’ म्हणून मागे पडतो आणि कॅमेरा चकचकीत असलेली, पण कुठेही घडू शकेल अशी गोष्ट पुढे जाते. समितीत एखादी शिक्षिका घ्या, ग्रंथालयाचा कार्यकर्ता घ्या, रिक्षा चालवणारा सिनेमावेडा असेल तर त्यालाही घ्या. वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा माणूस आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारा एरवी एकमेकांशी बोलत नाहीत. महोत्सवाने त्यांना एका ओळीत बसवलं तरच त्याला स्थानिक म्हणायचं. पुरस्कार ठेवाच, पण रोख बक्षिसांवर सगळा खर्च करू नका. सगळं लक्ष निकालाकडे गेलं की हरलेले पुढच्या वर्षी येत नाहीत.

जागा आणि तारीख. दोनशे लोकांसाठी गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह घेतलं तर रिकाम्या खुर्च्याच डोळ्यांत भरतात. शाळेचा किंवा सोसायटीचा हॉल बरा. रविवारची दुपार टाळा. मध्य, हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर रेल्वेवर मेगाब्लॉक असला की नेरूळ-पनवेलचे लोक ठाण्याला येतच नाहीत. शनिवारची संध्याकाळ चांगली. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि गणपतीचे दिवस सोडून द्या. मैदानात दाखवायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीच. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण मेमध्ये सात वाजून जातात आणि पडद्यावर नीट दिसायला पावणेआठ होतात. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणजे मेमध्ये हातात जेमतेम सव्वादोन तास.

परवानगीकडे ‘छोटाच कार्यक्रम आहे’ म्हणून काणाडोळा होतो. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते, पण ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुढे, म्हणजे आधी नाव नोंदवलेल्या प्रेक्षकांपुढे दाखवण्यासाठी असते. तेव्हा अर्ज वेळेत करा आणि प्रेक्षकांची नोंदणी खरोखर करा. फिल्ममधलं गाणं वापरायचा हक्क दिग्दर्शकाकडे आहे का, हे लेखी घ्या.

आता ऐनवेळी रडवणारी तांत्रिक दुखणी. सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये असतील तर हॉलच्या लॅपटॉपवर देवनागरीचे चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, ‘शक्ती’चं ‘शक् ती’ होतं. सबटायटल चित्रातच छापून मागा. सगळ्या फिल्म एकाच फॉरमॅटमध्ये घ्या, एमपी४ आणि १०८० रिझोल्यूशन पुरे, आणि एकाच पेनड्राइव्हवर न ठेवता दुसरी प्रत ठेवा. चेहरे ताणलेले दिसले तर बहुधा प्रोजेक्टरवर चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ असतं, ते १६:९ करा. प्रोजेक्टर मागच्या भिंतीशी असेल तर लांब एचडीएमआय केबल चित्र मध्येच घालवते. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब वायर आवाजासाठी वापरा. प्रत्येक फिल्मचा आवाज वेगळ्या पातळीवर असतो, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकीची पहिली दोन मिनिटं त्याच हॉलमध्ये लावून मिक्सरवरची खूण कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपचं झोपी जाणं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचना बंद करा, नाहीतर प्रेमप्रसंगावर ‘आई: दूध आणलंस का?’ उमटतं.

शेवटची चूक महोत्सव संपल्यावर होते. फोटो टाकले, आभार मानले, महोत्सवाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुढच्या वर्षीपर्यंत गप्प. हा ग्रुप जिवंत ठेवायला मोठं काही लागत नाही. महिन्यातून एका शनिवारी त्याच हॉलमध्ये दोन फिल्म दाखवा, एक जुनी आणि एक अर्धवट एडिट झालेली. अर्धवट फिल्मवर लोक मोकळेपणाने बोलतात. तिथेच कुणाला साउंड करणारा मिळतो, कुणाला शूटिंगसाठी शेजारणीची गच्ची. जमाखर्चही त्याच ग्रुपवर टाका, हॉलच्या भाड्यापासून चहापर्यंत. पैसे देणाऱ्या दुकानदारालाही त्या ग्रुपवर घ्या.