बोडी म्हणजे काय, ते आधी विचारा

कोल्हापूर सोडून नागपूरला आलो, त्याला आता बारा वर्षं होतील. दर उन्हाळ्यात आमच्या सोलरच्या साईटवर सिव्हिलची दोन-चार पोरं इंटर्नशिपला येतात. कुणी सांगलीचं, कुणी चिपळूणचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न: "सर, सोलरमध्ये सिव्हिलवाल्याचं काम काय?" पॅनलची जोडणी इलेक्ट्रिकलवाले करतात, खरं आहे. पण ते पंचवीस वर्षं उभं राहायचं मातीत, आणि इथली माती तुमच्या-माझ्या गावची नाही.

कामाची गत अशी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राच्या आसपास छोटे प्रकल्प उभारायचे. एका मेगावॉटला साधारण चार एकर लागतात. शेतकऱ्यानं जमीन भाड्यानं दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे तुम्ही काम करणार ते कुणाच्या तरी वावरात. हो, वावर. रान म्हणालात तर इथं लोकांना जंगल वाटेल.

शब्दांचं हे प्रकरण मला महागात पडलं आहे. पहिल्याच वर्षी नागपूरच्या पूर्वेकडं, धानपट्ट्यात एक साईट होती. एप्रिल महिना, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. एका कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतला, मीटरभरावर मुरूम लागला. मी खूश. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले एक काकाजी म्हणाले, "साहेब, तिकडं आमची बोडी होती. बुजवली." मी मान हलवली आणि पुढं गेलो. बोडी म्हणजे काय, ते विचारायची लाज वाटली! पाईल, म्हणजे पॅनलचा भार घेणारे जमिनीत खोल गाडलेले खांब, सगळीकडं सारख्याच खोलीच्या घेतल्या. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि बरोबर त्या जागी पाणी साचलं. एक रांग कलली, काही खांब वर उचलले गेले. बोडी म्हणजे गावचं लहान तळं. गाळानं आणि काळ्या मातीनं बुजवलेल्या तळ्यावर मी पॅनल उभे केले होते. सगळं उकरून मुरमापर्यंत खाली जावं लागलं. बोलणी मीच खाल्ली, आणि ती माझीच होती.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्या पोरांना पहिले तीन दिवस लॅपटॉप उघडू देत नाही. वावराच्या मालकासोबत धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, बैल कुठं फसतात, नाला आधी कुठून जायचा, भारी जमीन कुठं संपते आणि बरड कुठं सुरू होते, सगळं विचारायचं. एवढी माहिती चार बोअर मारून केलेल्या मातीच्या थरांच्या नोंदीतही मिळत नाही.

आता मातीचं. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडं खाली दख्खनचा बेसाल्ट आहे; पूर्वेला जाल तसे नीस आणि वाळूचे खडक लागतात. एका साईटचा अनुभव दुसऱ्या साईटला लागू पडेलच असं नाही. काळी कापसाची माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. तिच्यातलं माँटमोरिलोनाईट नावाचं चिकणमातीचं खनिज हे करतं. पाईलचा वरचा भाग ती मुठीत धरल्यासारखा धरते आणि वर ओढते. त्यात पॅनल म्हणजे वाऱ्यापुढं धरलेलं सूप. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. घराचा पाया काढताना आपण वजन खाली जाण्याचा हिशोब करतो, इथं उचलणीचा करायचा. खाली फुगीर गड्डा असलेली अंडर-रीम्ड पाईल अशाच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झाली. इथं येण्याआधी तिच्यावरचा आयएस २९११ चा तिसरा भाग वाचून या.

एक चाचणी तर स्वतःच्या हातानं कराच. चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्या, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाहा. रॉकेलमधली जागच्या जागी असते, पाण्यातली वर आलेली असते. पुस्तकातलं फ्री स्वेल, म्हणजे मातीची मोकळी फुगवण, मग आयुष्यभर विसरत नाही.

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास खेळतो. चाळिशीच्या वरचं काँक्रीटिंग आयएस ७८६१ च्या हिशोबानं उष्ण हवामानातलं धरतात, म्हणून ओतकाम पहाटे लावायचं आणि दहाच्या आत आटपायचं. ओल्या बारदानांची सोय आधी, मिक्सर नंतर. इथं मिस्त्री क्युरिंगला, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारून ते ओलं ठेवण्याला, तराई म्हणतात. "तराई झाली का?" असं विचारलंत तर निम्मं परकेपण तिथंच जातं. दुपारी बारा ते चार सावलीत. कुणी शूरपणा दाखवायला बाहेर राहू नका, उष्माघात माणूस बघत नाही.

राहायची खोली साईटच्या दिशेनं घ्या. उमरेड-भिवापूरकडं काम असेल तर सक्करदरा-नंदनवन, काटोलकडं असेल तर गिट्टीखदान. मेट्रो छान आहे, पण ती तुम्हाला वावरात सोडत नाही. कूलर भाड्यानं मिळतो, तो खोलीच्या आधी ठरवलात तरी चालेल. मेसवाल्या काकूंनी "सांबार टाकू का?" विचारलं तर डोशाची वाट बघू नका, त्या कोथिंबीर म्हणताहेत. तर्री-पोहे खा, सावजी पहिल्या आठवड्यात नको; पुढचा दिवस साईटवर काढायचा असतो.

जागेचे कागद बघायला दिले तर सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद आहे का, ते आधी पाहा. पश्चिम महाराष्ट्रातल्या पोरांना हा शब्दच नवा असतो. नागपूर विभागातल्या अशा जमिनी वनजमीनच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं. डोळ्यांना तिथं नुसतं माळरान दिसेल. पण परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं, गुंठ्याची सवय असेल तर एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच धरा.

इंटर्नशिप ऑगस्टपर्यंत लांबली तर पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, या दोन दिवसांत मिक्सर बुक करू नका. मजूर येत नाहीत, आणि यावेत असं म्हणूही नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी इतवारीत जा, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. गर्दी फार असते, मोबाईल पुढच्या खिशात ठेवा.