लहान मुलांसह कमी खर्चात कोकण : पुण्याहून दिवेआगरची मोटारसहल

दोन-तीन ते सात-आठ वर्षांची मुले घेऊन स्वतःच्या मोटारीने बाहेर पडायचे ठरले, की बहुतेक घरांत सर्वांत आधी खोल्यांच्या दरांची चर्चा सुरू होते. माझ्या मते ती चर्चा सर्वांत शेवटी व्हावी. अशा सहलीचा खर्च खोलीच्या भाड्यापेक्षा आपण किती ठिकाणे गाठायची ठरवतो यावर अधिक अवलंबून असतो. कारण प्रत्येक वाढीव मुक्कामामागे इंधन, बाहेरचे जेवण, सामानाची बांधाबांध आणि कंटाळलेल्या मुलाची समजूत घालण्यासाठी वाटेत होणारी खरेदी हे सारे ओघाने येते. तीन दिवसांत अलिबाग, मुरुड-जंजिरा, दिवेआगर आणि हरिहरेश्वर असा बेत मोठ्या माणसांना जमेलही, परंतु चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्यातून फक्त मोटारीची मागची सीट येते. म्हणून एक किनारा, एक खोली आणि दोन रात्री हा नियम आधी पक्का करावा आणि मग बाकीचे आखावे. पुण्याहून रायगड जिल्ह्यातील दिवेआगरपर्यंतची सहल या नियमात नेमकी बसते, म्हणून तिच्याच आधाराने हे नियोजन मांडत आहे.

दिवस आणि तिथी

मुले अजून शाळेत जात नसतील किंवा बालवाडीत असतील, तर पालकांच्या हाती एक मोठी सवलत असते, ती म्हणजे आठवड्याच्या मधले वार. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यात शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत खोल्यांचे दर वाढतात आणि किनाऱ्यावर गर्दी होते; सोमवार ते बुधवार याच खोल्या घासाघीस न करताही कमी दरात मिळतात. दोन दिवसांची रजा टाकावी लागली तरी ती खर्चाच्या दृष्टीने परवडते. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा टाळावा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मुलांसाठी उत्तम असतो. मार्चनंतर दुपारचा दमट उकाडा लहानग्यांना सोसत नाही, आणि पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुके व दरडींचा धोका असल्यामुळे तेव्हा मुलांना घेऊन हा रस्ता धरू नये.

वार ठरवताना तिथीही पाहावी, असे मी आग्रहाने सुचवतो, कारण किनाऱ्यावरचा मुलांचा खेळ भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत सोपी आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला भरती नवाच्या सुमारास, म्हणजे दुपारी तीननंतर पाणी पूर्ण ओसरलेले. हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, परंतु बेत आखण्यास तो पुरेसा आहे. त्यावरून असे दिसते, की द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंतचे दिवस मुलांसाठी सर्वांत सोयीचे असतात. दुपारी साडेतीन-चारनंतर ऊन उतरते, त्याच वेळी पाणी मागे गेलेले असते आणि घट्ट, ओल्या वाळूचे मोठे मैदान मोकळे होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते हे खरे, पण ते साधारण दुपारच्या वेळी, म्हणजे मुले जेवून झोपलेली असताना येते. अष्टमीच्या आसपास मात्र नेमके उलटे घडते. गावात पोहोचल्यावर यजमानांकडून त्या दिवसाची अचूक वेळ विचारून घ्यावी.

रस्ता

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. एरवी त्याला साडेचार तास पुरतात, मुलांसह सहा तास धरावेत. सहा तास धरले, की कुठेही थांबताना जीव कासावीस होत नाही, आणि माझ्या मते चालकाच्या मनावरचा हा भार हलका होणे ही सुरक्षिततेचीच बाब आहे. पहाटे तीन-चारला निघून मुलांना झोपेत नेण्याची पद्धत अनेकांच्या पसंतीची आहे. परंतु अर्धवट झोपलेल्या चालकाने अंधारात घाट उतरणे मला योग्य वाटत नाही. रात्री सामान गाडीत भरून ठेवावे, पुरेशी झोप घ्यावी आणि सकाळी सहाच्या सुमारास निघावे. मुळशीच्या परिसरात पहिला थांबा, घाट उतरल्यावर दुसरा आणि माणगावात तिसरा, असे साधारण दीड-दोन तासांचे टप्पे करावेत. घाटात भ्रमणध्वनीचे जाळे बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. माणगाव हे बाजारपेठेचे गाव असल्यामुळे इंधन, औषधे आणि रोख रक्कम यांची व्यवस्था तेथेच करून घ्यावी. मुंबईहून पेण-कोलाडमार्गे येणारेही माणगावलाच या रस्त्याला लागतात.

इंधनाचा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडावा. जाणे-येणे आणि तेथील फिरणे मिळून ४०० किलोमीटर धरले आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर सुमारे २७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरल्यास ही रक्कम २,८०० रुपयांच्या घरात जाते. टायरांतील हवा थंड टायरावर तपासून घेतली आणि छतावर सामान बांधले नाही, तर यात थोडी बचतही होते. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागला; सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता. तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या चालतो, परंतु राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच. राज्याच्या अखत्यारीतील मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्याचा उपयोग नाही, त्यामुळे केवळ अशा एखाद्या सहलीसाठी तो घेऊ नये.

गाडीत मुलांची बसण्याची सोय

काटकसर कोठे करू नये याचे उत्तर एकच आहे : मुलांच्या आसनाच्या बाबतीत. मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित असते ही समजूत चुकीची आहे. जोराचा ब्रेक लागताच कितीही घट्ट धरलेले मूल हातातून निसटते, आणि पुढच्या सीटवर तर एअरबॅग उघडण्याचा धोका वेगळाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा बालआसनाने बांधलेले नसेल, तर १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाच्या भीतीने नव्हे, तर मुलासाठी हे करावे. नवे आसन महाग वाटल्यास नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे. मात्र ते मुलाच्या वजनाला आणि उंचीला योग्य आहे, कधी अपघातात सापडलेले नाही आणि त्याचे पट्टे-बकले शाबूत आहेत, एवढे पाहून घ्यावे. सहलीच्या आठवडाभर आधी ते गाडीत बसवून मुलाला गावातल्या गावात फिरवून आणावे, म्हणजे पहिल्याच दिवशी घाटात रडारड होत नाही. आजी-आजोबा सोबत येणार असतील तर पाच आसनांच्या गाडीत जागेचा हिशेब आधी करावा आणि जागा पुरत नसेल तर दोघांपैकी कोणीही मुलाला मांडीवर घेऊन बसण्याचा पर्याय स्वीकारू नये.

घाटातील वळणांवर गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतरच्या मुलांना अधिक होतो. डोळ्यांसमोरचे पुस्तक किंवा पडदा स्थिर असतो, कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव मात्र हालचाल टिपत असतो, आणि या विसंगतीमुळे मळमळते. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वी मोबाइल आणि चित्रांची पुस्तके काढून घ्यावीत, मुलाला समोर लांबचे दिसेल असे बसवावे, खिडकी थोडी उघडावी आणि वेग एकसारखा ठेवावा. निघताना पोटभर दूध देऊ नये आणि पूर्ण उपाशीही ठेवू नये. कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटे पुरतात. मोठ्या मुलांना आलेपाक किंवा आवळासुपारी देता येते, औषध मात्र मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल आणि कपड्यांचा एक जोड डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा.

शिदोरी आणि खोली

जाताना आणि येतानाचे जेवण घरून नेले, तर खर्चात सर्वांत सहज बचत होते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, गुळाच्या पोळ्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे आणि केळी एवढ्यात पहिला दिवस निभावतो. मेतकूट, थोडे तांदूळ आणि तुपाची छोटी बाटली सोबत असली, की नव्या ठिकाणचे तिखट जेवण न खाणाऱ्या मुलाचा प्रश्न सुटतो. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी सांगितले तर गुरगुट्या भात करून देतात. पाणी मोठ्या भांड्यात घरून घ्यावे. जीवनरक्षक क्षारांची पाकिटे, तापमापक, डॉक्टरांनी लिहून दिलेले तापाचे औषध आणि डासांपासून संरक्षणाचे साहित्य विसरू नये.

आता खोली. दिवेआगरमध्ये नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून राहण्याची घरगुती सोय भरपूर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील वाड्यांचे अतोनात नुकसान केले. सुपारीचे झाड उत्पन्न द्यायला वर्षे घेत असल्यामुळे पाहुण्यांपासून मिळणारे उत्पन्न येथील अनेक कुटुंबांना मोलाचे आहे, आणि म्हणूनच मोठ्या रिसॉर्टपेक्षा अशा घरी राहणे मला अधिक पटते. मुलांनाही अंगण, विहीर, रहाटावरचे पाणी पाहायला मिळते, मात्र विहिरीला कठडा आहे का हे खोली ठरवण्याआधीच विचारावे. फोनवर आणखी काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : दर खोलीचा आहे की माणशी, पाच वर्षांखालील मुलाचे वेगळे पैसे लागतात का, जादा गादीचे किती, न्याहारी त्यात आहे का, गरम पाणी कोणत्या वेळी मिळते. किनारा पायी गाठता येईल अशी खोली थोडी महाग असली तरी घ्यावी, कारण दिवसातून दोनदा गाडी काढणे टळते आणि मूल पेंगुळले की पाच मिनिटांत त्याला खोलीवर आणता येते. जेवणाची मागणी निदान तीन-चार तास आधी सांगावी लागते. आयत्या वेळी गेल्यास बहुतेक घरगुती खाणावळींत काही शिल्लक नसते.

दोन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी जेवण, झोप आणि संध्याकाळचा किनारा, याहून अधिक काही ठरवू नये. दिवेआगरची पुळण लांबच लांब आणि सपाट आहे, तिला सुरूच्या झाडांची सावली आहे. घरातलीच बादली, डाव आणि जुन्या वाट्या नेल्या, तर खेळणी विकत घ्यावी लागत नाहीत. मुलांना पाण्यात नेताना घोट्यापर्यंतच न्यावे आणि मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर उभे राहावे; ओहोटी लागलेली असताना पाण्याची ओढ समुद्राकडे असते हे ध्यानात ठेवावे. गाडी वाळूत उतरवू नये. भरतीत रुतलेली गाडी ट्रॅक्टर बोलावून बाहेर काढण्याचा भुर्दंड साऱ्या बचतीवर पाणी फिरवतो, शिवाय किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांना त्या गाडीचा धोका असतो. जलक्रीडा, घोडागाडी यांसाठी एकच निवड मुलाला करू द्यावी आणि ती कोणती हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता धरावा. पुढे हरिहरेश्वरला देवदर्शन करावे. मात्र मंदिरामागे खडकांवरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग लहान मुलांसह करू नये. तेथे अचानक येणाऱ्या लाटांनी आजवर अनेकांचे प्राण घेतले आहेत. त्याऐवजी जवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसावे. गाडीसह सावित्रीची खाडी ओलांडणे हा मुलांच्या दृष्टीने सहलीतील सर्वांत मोठा सोहळा ठरतो, आणि त्याला फारसा खर्च येत नाही. मुले दमलेली असतील तर गाडी अलीकडेच ठेवून पायी प्रवासी म्हणून जाऊन परत यावे.

फेब्रुवारीत गेल्यास पलीकडच्या वेळास गावाचा विचार करता येतो. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, आणि घरट्यांतून बाहेर आलेली पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. पिल्ले रोज निघतातच असे नाही, म्हणून आधी फोन करून चौकशी करावी आणि मुलांनाही तसे सांगून ठेवावे. संध्याकाळची वेळ साधायची असेल, तर परतीची शेवटची फेरीबोट केव्हा सुटते हे सकाळी जातानाच धक्क्यावर विचारावे.

परतीच्या दिवशी न्याहारी करून नऊपर्यंत निघावे, म्हणजे रमतगमत आले तरी घाट उजेडातच चढून होतो. आदल्या रात्रीच यजमानांना सांगून दुपारसाठी घावने किंवा पोळी-भाजी बांधून घ्यावी. वाटेत अडचण आलीच तर आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर असताना १०३३ हे क्रमांक आहेत. ते भ्रमणध्वनीत साठवावेत, आणि घाटात फोन बंद पडण्याची शक्यता धरून एका चिठ्ठीवर लिहून समोरच्या कप्प्यातही ठेवावेत.