मागची साईट हलते? आधी कुठून हलते ते शोधा

पीक संरक्षणाच्या परवान्यावर .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) बोल्ट रायफल असेल, तर तिचा सांगाडा जुन्या लष्करी ली-एनफिल्डचाच आहे. .३०३ हे फौजेचं काडतूस असल्याने तो बोअर साध्या परवान्यावर मिळत नाही, .३१५ मिळतो. लष्करी सांगाड्याची खोड, मोडता मोडत नाही पण ढिली होते, हीच या रायफलीचीही. त्यात सगळ्यात आधी ढिली होते ती मागची साईट, म्हणजे नळीवरची नेम धरायची मागची खाच.

हा ढिलेपणा किरकोळ समजू नका. दोन साईटमधलं अंतर अर्धा मीटर धरा. मागची साईट अर्धा मिलीमीटर सरकली तर गोळी ५० मीटरवर ५ सेंटीमीटर आणि १०० मीटरवर १० सेंटीमीटर चुकते. दर गोळी वेगळीकडे जायला लागली की लोक काडतुसाला नाव ठेवतात.

एक गोष्ट आधीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, बाळगण्याच्या परवान्यात ती येत नाही. म्हणून दोष हुडकणं तुमचं काम, खोलणं परवानाधारक कारागिराचं. पण दोष कुठे आहे हे नेमकं सांगता आलं, तर तो नको तिथे हातोडी घालणार नाही.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा. नळी भक्कम टेकवा, साईटच्या पातीला, म्हणजे खाच असलेल्या पट्टीला, अंगठ्याने आडवं आणि उभं दाबा.

हलणारा सांधा डोळ्यांना दिसत नसेल तर तेल दाखवतं. प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा आणि पाती हळू हलवा. जिथे तेल आत-बाहेर होतं, बुडबुडा येतो, तो सांधा ढिला. एका वेळी एकच सांधा तपासा. नळीवरचं लाकडी आवरण, म्हणजे हँडगार्डही, धरून पाहा. चंद्रपूर-यवतमाळच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. हँडगार्ड डुलत असला तर साईटच हलते असं वाटतं, आणि विनाकारण पीन ठोकली जाते.

स्क्रू ढिला. सगळ्यात सोपा दोष. कारागिराने स्क्रू काढून आटे थिनरने पुसावेत. रॉकेल नको, ते तेलकट थर मागे ठेवतं. मग लॉकटाइट २२२ किंवा २४३ चा एकच थेंब. लाल, पक्कं बसणारं नको, पुढे स्क्रू काढायला नळी तापवावी लागेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत गच्च बसणारं हवं, नाहीतर खाच फाटते. इंग्रजी आट्यात मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घातला की भोकच बाद होतं.

बिजागरीची पीन झिजली. पाती आडवी डुलते. पीन काढण्याआधी तिला अडवणारी बारीक पीन किंवा वॉशर आहे का पाहायला सांगा. ती न काढता ठोकलं की बिजागरीचे कान वाकतात. भोक अंडाकृती झालं असेल तर ते रीमरने गोल करून जुनीपेक्षा ०.०५ ते ०.१ मिलीमीटरने जास्त जाड पीन बसवतात, कडक स्टीलची. खिळा कापून घातलेली पीन फार टिकत नाही, ते लोखंड मऊ.

स्प्रिंग मेली. पाती दाबली की खाली जाते, पण परत नीट बसत नाही. पट्टीची स्प्रिंग वाकवून जोर आणायला जाऊ नका, कडक पोलाद तिथेच तडकतं. बदलून घ्या.

डव्हटेल, म्हणजे साईट बसते ती तिरप्या कडांची खाच, सैल. खाचेत आडवी सरकवलेली साईट असेल तर आधी धारदार सुईने साईट आणि नळी दोन्हींवर सलग एक रेघ ओढा. जुनी जागा हरवली की नेम लावण्यातच सगळी काडतुसं जातात. साईट पितळी पंचने सहसा डावीकडून उजवीकडे काढतात आणि उजवीकडून घालतात. खाचेच्या तळाला सेंटर पंचचे चार-पाच बारीक ठिपके दिले तरी पकड येते. जास्त सैल असेल तर ०.०५ मिलीमीटरची पितळी पट्टी. वरच्या कडा हातोडीने ठेचणारा कारागीर असेल तर रायफल उचला आणि घरी या.

साईटची बैठकच नळीवर हलते. हा खरा त्रासाचा दोष. पीन किंवा स्क्रू ठीक असेल आणि जुना डाक (धातू वितळवून केलेला जोड) सुटला असेल, तर साधा कथलाचा डाक चालतो. तो साधारण १९० अंशांच्या आत वितळतो. पितळेचा डाक किंवा वेल्डिंग नाही. सहाशे-सातशे अंशांनी नळीच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि अशी नळी तोंडाशी धरायची नसते. नांगराचा फाळ सांधणारा माणूस कितीही हुशार असो, हे काम त्याचं नाही.

फेविक्विक, एम-सील वापरू नका. धक्क्याने ते तडकतं आणि पुढच्या दुरुस्तीत खरवडत बसावं लागतं.

दुरुस्ती झाल्यावर बोल्ट काढलेली रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर ठेवा आणि नळीतून २५ मीटरवरच्या एखाद्या खांबाकडे पाहा. नळीच्या मधोमध खांब असताना साईटही जवळपास तिथेच दाखवत असेल तर बसवणूक फार वाकडी नाही. गोळी झाडून तपासणं मात्र मान्यता असलेल्या रेंजवरच, वावरात नाही. ५० मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा. गट घट्ट पण डावीकडे असेल तर मागची साईट उजवीकडे सरकवायची. मागची साईट जिकडे, गोळी तिकडे. गटच फाकत असेल तर सरकवू नका, अजून काहीतरी हलतंय.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली रायफल परत मिळाली की ती ओढलेली रेघ आधी पाहा. इतर बंदुकांच्या ढिगात टेकून साईटला धक्का लागलेला असू शकतो.