संस्कृत वर्णोच्चार शिकताय? मराठी जिभेच्या या चुका टाळा

विलेपार्ल्यात आमच्या सोसायटीत दर शनिवारी सकाळी आठ-दहा जण संस्कृत वाचायला जमतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन कॉलेजची मुलं, नातवाला स्तोत्रं शिकवायची म्हणून येणारी एक आजी. मी त्यांना शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, "वर्णमाला राहू द्या, ती येते आम्हाला." आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. अक्षरं देवनागरी, लहानपणापासून ओळखीची. त्यामुळे डोळे संस्कृत बघतात आणि जीभ मराठी वाचते. परदेशी माणूस प्रत्येक अक्षराचा उच्चार विचारून घेतो. आपल्याला विचारावंसं वाटतच नाही.

शेवटचा इ आणि उ लांबवणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही. मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण दीर्घच बोलतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपासून 'कवी', 'गुरू' असं दीर्घ लिहितोही, आणि मराठीत ते बरोबरच आहे. पण संस्कृतात 'कवी' म्हणजे दोन कवी आणि 'गुरू' म्हणजे दोन गुरू. ते द्विवचन आहे! अस्ति, इति, अपि, भवति यांचा शेवट ऱ्हस्वच राहिला पाहिजे.

सांगून हे सुधारत नाही, कारण आपला दीर्घ आपल्याला ऐकूच येत नाही. मी एक युक्ती करते. 'इतिहास' म्हणा. आता पुन्हा 'इतिहास' म्हणायला सुरुवात करा आणि 'हास' गिळून टाका. उरला तो खरा 'इति'. तसंच 'कविता' म्हणता म्हणता 'ता' सोडा, 'कवि' मिळेल. काकांना तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी दुसऱ्याचा 'अस्ती' त्यांनीच पकडला.

अ गिळणं

'गणपती' आपण 'गण्पती' असं म्हणतो. तीच सवय अथर्वशीर्षात शिरते आणि 'गणपतये'चं 'गण्पतये' होतं. ग, ण, प, त ही चार लघु, म्हणजे एका मात्रेची अक्षरं आणि मग ये. त्यातलं एक गायब आणि 'गण्' उगाच जड. श्लोकाची चाल अडखळते ती इथे. प्रत्येक अक्षराला मांडीवर बोट आपटत म्हणा, गिळलेलं अक्षर लगेच कळतं. मात्र अ पूर्ण म्हणायचा म्हणून 'राम'चा 'रामा' करू नका.

यामागे घाई असते. पाणिनीय शिक्षा या उच्चारावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत गाऊन म्हणणारा आहे, घाईने म्हणणारा आहे, डोकं हलवणारा आहे, अर्थ न समजता म्हणणाराही आहे. वाघीण पिल्लाला दातांत धरून नेते, पिल्लू पडू देत नाही आणि त्याला दात लागूही देत नाही. वर्ण तसे उच्चारावेत, असंही तिथे म्हटलं आहे. मला ही उपमा फार आवडते. अ गिळणारा पिल्लू पाडतो, 'रामा' करणारा दात लावतो.

च आणि ज

'जरा थांब'मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'मधला ज आपण वेगवेगळे म्हणतो. संस्कृतात फक्त दुसरा, टाळूवरचा. तत्सम शब्दांत आपण सहसा चुकत नाही. चुकतो तो एकट्या 'च'ला. 'माता च पिता च' वाचताना तो 'मीच'मधला च होतो. दोन्हींचा अर्थही वेगळा, आपला च जोर द्यायला, संस्कृतातला 'आणि' सांगायला. 'चिंच' म्हणून बघा. पहिला च टाळूवर, दुसरा दातांमागे. पहिल्याची जागा धरून ठेवा.

ऋ: रु की रि?

मुंबईत हा वाद जिन्यातही ऐकू येतो. आपण 'क्रुष्ण' म्हणतो, हिंदी बोलणारे शेजारी 'क्रिष्ण'. ऋ हा स्वर आहे, त्यात उ नाही आणि इ पण नाही. 'अम्रुत' म्हटलं की म्र हे जोडाक्षर होतं आणि आधीचा अ गुरू, म्हणजे दोन मात्रांचा बनतो. 'अमृत'मध्ये तो लघु आहे. म्हणजे एका उच्चाराने वृत्त बिघडतं. आरसा घ्या. जिभेचं टोक वर नेऊन र सुरू करा आणि ओठांकडे बघा: गोल झाले तर रु, ताणले गेले तर रि. ओठ स्वस्थ राहिले पाहिजेत.

अनुस्वार, ज्ञ आणि ह्म

'संस्कृत' हा शब्दच आपण 'सौंस्कृत' असा म्हणतो, 'सिंह'चा 'सिंव्ह' करतो. य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्याआधी ओठ न हलवता आवाज नुसता नाकातून सोडा. गङ्गा, पञ्च, कण्ठ यांत आपण मुळातच बरोबर असतो.

ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. त्यात द नाही, न नाही. ज साठी जीभ टाळूला लावा आणि तिथून न हलवता आवाज नाकात न्या. अर्थात, घरी पूजेला आलेले गुरुजी 'द्न्य' म्हणाले तर त्यांना टोकू नका; तो आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उच्चार आहे.

ब्रह्म, मध्याह्न, आह्वान यांत ह आधी. 'ब्रम्ह' नाही.

ष आणि फ

'कष्ट' म्हणा आणि ट च्या आधी थांबा. तिथे जीभ जशी आहे तो ष.

फ हा प चाच श्वास सोडणारा भाऊ. मुंबईत मात्र इंग्रजी शाळेतली मुलंच काय, मोठी माणसंही 'फलम्' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात. बसचं जुनं तिकीट ओठांसमोर धरा. प ला ते जेमतेम हलेल, फ ला एकदम उडेल. नुसतं फडफडत राहिलं तर दात लागले म्हणून समजा.

विसर्ग

विसर्ग म्हणजे श्वास, त्याला आवाज नसतो. खिडकीच्या काचेवर वाफ सोडतो तसा. ओळीच्या शेवटी 'हरिः'ला हि ची आणि 'गुरुः'ला हु ची पुसट छटा येते, तेवढीच. 'हा' असं ठणठणीत अक्षर जोडायचं नाही. शंका असेल तर बोटांवर मोजा. 'नमः शिवाय' हा पंचाक्षरी मंत्र: न, मः, शि, वा, य. 'नमहा शिवाय' म्हटलं की बोटं सहा होतात. जमत नसेल तर 'नमश्शिवाय' म्हणा, संधीच्या नियमाने तेही शुद्ध आहे. आमची आजी आता तसंच म्हणते, आणि नातवाकडून बोटं मोजून घेते.