हंगामी धंद्याचा अंदाज: सरळ रेषा का फसली, आणि काय चाललं

फक्त एका वर्षाच्या, महिनावार उत्पन्नाच्या बारा आकड्यांवर सरळ रेषा बसवली आणि हंगाम वर्षअखेरीस असला, की रेषा खोटी चढती येते. धंदा वाढत नसतो, हंगाम आलेला असतो! त्यामुळे हंगाम आधी वेगळा काढावा लागला. किमान ३६ महिन्यांचे आकडे हवेत.

समीकरण: उत्पन्न = (अ + ब × म) × ह. अ म्हणजे रेषेची सुरुवातीची पातळी, ब म्हणजे दर महिन्याची वाढ, म म्हणजे महिन्याचा क्रमांक, ह म्हणजे त्या महिन्याचा हंगाम-गुणक, म्हणजे तो महिना सरासरीच्या किती पट असतो.

प्रत्येक महिन्याभोवतीचे १३ महिने घ्या, टोकाचे दोन निम्मे धरा, बेरजेला १२ ने भागा. ही हलती सरासरी. प्रत्यक्ष उत्पन्न भागिले ही सरासरी म्हणजे गुणोत्तर. एकाच नावाच्या महिन्यांच्या गुणोत्तरांची सरासरी म्हणजे ह. बारा गुणकांची बेरीज १२ यायला हवी. येत नसेल तर प्रत्येकाला १२/बेरीज ने गुणा. ही पायरी गाळली तर अंदाज बदलत नाही, पण अ आणि ब खरी पातळी दाखवत नाहीत.

मग मूळ आकडे ह ने भागून त्यांवर रेषा बसवा. समजा अ = ४००, ब = ३. जानेवारीपासून मोजलं तर म = ४० म्हणजे चौथ्या वर्षातला एप्रिल; त्याचा ह १.७५ असेल तर (४०० + १२०) × १.७५ = ९१०.

बंद महिन्यांचा ह शून्य येतो, भागाकार अडतो. ते महिने रेषेतून वगळा, पण म चा क्रमांक तोडू नका. हंगाम दरवर्षी पुढे-मागे सरकत असेल तर महिन्यांऐवजी हंगाम सुरू झाल्यापासूनचे आठवडे मोजणंच बरं.