दारातल्या कोंबड्या आणि साल्मोनेला

दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांत दारात चार गावठी कोंबड्या असतातच, आणि लहान मुलं पिल्लं उचलून गालाला लावतात. तेवढं थांबवा. साल्मोनेलाचे जंतू धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्याही आतड्यात असतात. विष्ठेतून पिसांवर, अंड्याच्या कवचावर येतात. ५ वर्षांखालच्या मुलांना याचा त्रास जास्त. खुराड्यातून आल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा, तिथल्या चपला घराबाहेरच ठेवा. बाजारातून आणलेलं चिकन नळाखाली धुऊ नका. पटायला जड जातं, पण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात. ते मरतात नीट शिजवल्यावरच, म्हणून हाडाजवळ कच्चं राहू देऊ नका. जंतू पोटात गेल्यावर जुलाब, ताप, पोटात कळा ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात. शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा आणि घरी कोंबड्या आहेत हे डॉक्टरांना सांगा.