सीडी स्पेक्ट्रोमीटर: आधी नायट्रोजन, मग दिवा

सीडी म्हणजे सर्क्युलर डायक्रॉइझम: डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजून हे यंत्र प्रथिनाची घडण सांगतं. दिवा लावण्याआधी यंत्रात १०–१५ मिनिटं नायट्रोजन सोडा. झेनॉन दिव्याच्या अतिनील प्रकाशानं आतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो आणि तो आरसे कायमचे खराब करतो.

दोन प्रिझमचा मोनोक्रोमेटर (एकेक तरंगलांबी वेगळी काढणारा भाग) भटका प्रकाश गाळून एकाच प्रतलात ध्रुवित किरण देतो. पुढचा क्वार्ट्‌झचा मॉड्युलेटर त्याला सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा डावा-उजवा वर्तुळाकार करतो. खरी खुबी इथंच: दोन्ही प्रकाश एकाच वाटेनं, एकाच डिटेक्टरवर येतात, म्हणून शोषणातला अगदी बारीक फरकही मोजता येतो.

प्रथिन ०.१–०.२ मिग्रॅ/मिली, १ मिमी क्वार्ट्‌झ सेल (नमुन्याची पारदर्शक कुपी), १० मिलिमोलर फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). मीठ टाळा, क्लोराइड २०० नॅनोमीटरखाली प्रकाश गिळतं. डिटेक्टरचा व्होल्टेज ६००–७०० व्होल्टच्या वर गेला की पुढची रेघ (वर्णपट) विश्वासाची नाही. आधी कोऱ्या बफरची रेघ घ्या, ती वजा करा. २०८ आणि २२२ नॅनोमीटरला खड्डे दिसले तर अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीची मळसूत्री गुंडाळी.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात दिव्याच्या चिलरकडे (पाण्यानं दिवा थंड ठेवणारं यंत्र) विशेष लक्ष हवं. त्यात बोअरचं पाणी कधीच घालू नका, क्षार साचतात, डिस्टिल्डच वापरा. वीज गेलीच, तर परत दिवा लावण्याआधी नायट्रोजनचा प्रवाह तपासा.